आईच्या दुधाआधी झाडाच्या पानाला विचारा

हवेतलं विष मोजायचं कसं, हा विषय स्त्री-चळवळीच्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. हिंसाचार, पोटगी, रेशन, रोजगार, घर हे आपले प्रश्न काही कमी नाहीत. त्यात हा प्रयोगशाळेतला विषय कुठून आला? पण हा विषय थोडा उलगडून पाहिला की त्याच्या मुळाशी बाईचं शरीर सापडतं. जगभरात हवेतलं आणि अन्नातलं काही विशिष्ट विष वाढलं की घटलं, हे ठरवण्यासाठी आज अधिकृतपणे जे तपासलं जातं, त्यात आईचं दूध आहे. बाई हीच मोजपट्टी झाली आहे. ही मोजपट्टी आपल्याला मान्य आहे का, आणि तिच्या आधी दुसरं काही तपासता येईल का, याची चर्चा आपल्या गटांमध्ये व्हायला हवी, म्हणून हा लेख.

कोणतं विष, कोणता करार

२००१ साली स्टॉकहोम इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. २००४ पासून तो अमलात आला आणि २००६ साली भारताने त्याला मान्यता दिली. चिरकाल टिकणारी सेंद्रिय प्रदूषकं आटोक्यात आणणं हा या कराराचा हेतू. इथे ‘सेंद्रिय’ शब्दाने फसायला नको. सेंद्रिय खतातलं सेंद्रिय वेगळं. इथे त्याचा अर्थ कार्बनयुक्त रसायन एवढाच आहे. सुरुवातीला या यादीत बारा रसायनं होती. डीडीटीसारखी कीटकनाशकं, विजेच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात असणारी पीसीबी, आणि कोणी मुद्दाम तयार करत नाही पण जाळताना आपोआप तयार होतात अशी डायॉक्सिन आणि फ्युरान. २०११ मध्ये एन्डोसल्फानची भर पडली. आता ही यादी तिसाच्या वर गेली आहे.

यांतल्या बहुतेकांचे चार गुण समान आहेत. ती लवकर नष्ट होत नाहीत. हवेबरोबर दूरवर जातात. पाण्यात विरघळत नाहीत, पण चरबीत साठतात. आणि ती अपायकारक आहेत. डायॉक्सिनमुळे कर्करोग होऊ शकतो, गर्भाच्या वाढीवर, संप्रेरकांवर आणि रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम होऊ शकतो, हे आता शास्त्राला मान्य आहे.

चरबीत साठण्याचा गुण आपल्या दृष्टीने कळीचा आहे. गवतावर बसलेलं डायॉक्सिन गाईच्या पोटात जातं, तिच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतं, तिथून माणसात येतं. बाईच्या शरीरात ते वर्षानुवर्षं साठत राहतं. ती बाळंत झाली की दुधाच्या स्निग्धांशाबरोबर त्यातला काही भाग बाहेर पडतो आणि बाळाच्या पोटात जातो. पहिल्या बाळाच्या वाट्याला जास्त येतो. म्हणूनच स्टॉकहोम कराराच्या पाहणी योजनेत जी मुख्य माध्यमं ठरली, त्यांत हवेच्या बरोबरीने आईचं दूध किंवा माणसाचं रक्त आहे. जागतिक आरोग्य संघटना तर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वेगवेगळ्या देशांतल्या मातांच्या दुधाची अशी तपासणी करत आली आहे. सुई टोचावी लागत नाही, स्निग्धांश आयता मिळतो, आणि आई व बाळ दोघांची माहिती एकदम कळते, अशी त्यामागची सोय.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. याचा अर्थ बाळाला अंगावर पाजू नये असा मुळीच नाही. या तपासण्या करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेनेच वारंवार सांगितलं आहे की स्तनपानाचे फायदे या धोक्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत. डब्याच्या दुधाचे व्यापारी आईच्या मनातली भीती कशी वापरतात, हे आपण चांगलं जाणतो. त्या जाहिरातबाजीला आवर घालण्यासाठी १९९२ साली आपल्या देशाला कायदा करावा लागला. त्यामुळे ‘आईच्या दुधात विष’ अशी पोस्टरं लावून आपण कोणाचं काम सोपं करतो, याचं भान हवं. दूध वाईट नाही. दुधापर्यंत विष पोचू देणारी व्यवस्था वाईट आहे. आणि दुधात विष सापडेपर्यंत वाट पाहणं हा तपासणीचा सर्वांत उशिराचा टप्पा आहे, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

झाडाला काय कळतं

विष हवेतून येत असेल तर हवेत उभं असलेलं झाड ते आपल्या आधी झेलतं. पानावर मेणासारखा एक पातळ थर असतो. चरबीत विरघळणारी ही रसायनं त्या मेणातही शिरतात. काही वायुरूपात शिरतात, जड असलेली धूळ आणि काजळी यांच्या कणांबरोबर पानावर बसतात. पान जितके दिवस झाडावर, तितके दिवसांची नोंद त्यात राहते. हवा मोजायचं यंत्र एखादा दिवस लावलं आणि त्या दिवशी भट्टी बंद ठेवली, तर यंत्राला काही सापडत नाही. पानाला असं फसवणं अवघड आहे.

शेवाळ तर याहून उपयोगी. झाडाच्या खोडावर, जुन्या भिंतीवर वाढणारं, बारीक पानांचं, मखमलीसारखं जे हिरवं शेवाळ असतं, ज्याला शास्त्रज्ञ मॉस म्हणतात, त्याला खरी मुळं नसतात. पानांवर जाड मेणाचं कवचही नसतं. त्यामुळे पाणी आणि क्षार ते बहुतेक हवेतून आणि पावसातूनच घेतं. हवेत शिसं असेल तर शेवाळात शिसं येतं, कॅडमियम असेल तर कॅडमियम येतं. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस र्‍यूलिंग आणि टिलर या शास्त्रज्ञांनी ही पद्धत रूढ केली. युरोपातले अनेक देश १९९० पासून दर पाच वर्षांनी शेवाळ गोळा करून आपल्या हवेतल्या जड धातूंचा नकाशा काढतात. पुढे त्यात सेंद्रिय प्रदूषकांचीही भर पडली. जर्मनीत केल नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी आणि एक प्रकारचं गवत ठरावीक मापाच्या कुंड्यांत लावून कारखान्यांच्या आसपास ठेवतात आणि काही आठवड्यांनी त्यांतली रसायनं मोजतात. या पद्धतीचे तिथे प्रमाणित नियमच केलेले आहेत.

आपल्याला हे सारं परकं वाटायचं कारण नाही. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, ते या कामातलं जुनं नाव आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र येऊन केलेला संसार. शास्त्रज्ञ त्याला लायकेन म्हणतात. १८६६ साली विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये नोंदवलं होतं की शहराच्या धुरकट भागातून ही दगडफुलं नाहीशी होत आहेत आणि एका मोठ्या बागेत मात्र ती टिकून आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत दगडफुलांचा अभ्यास अनेक वर्षं झाला आहे. लखनौच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा उपयोग हवेतले धातू आणि धुरातली रसायनं शोधण्यासाठीही केला आहे. ज्ञान आपल्या देशात आहे. ते वस्तीपर्यंत आलेलं नाही, एवढंच.

पोर्टलंडच्या शेवाळाने काय केलं

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथे वनसेवेत काम करणारे जेफ्री डोनोव्हन आणि सारा जोव्हन या दोघांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये शहरातल्या झाडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने गोळा केले. धुरातून येणारी, पीएएच या नावाने ओळखली जाणारी रसायनं शहरात कुठे किती आहेत, हे त्यांना पाहायचं होतं. त्याबरोबर जड धातूही तपासले गेले. कॅडमियमचा नकाशा काढला, तेव्हा दोन ठिकाणी गडद डाग उमटले. दोन्ही डाग रंगीत काच तयार करणाऱ्या कारखान्यांजवळ होते. काचेला पिवळा, लाल रंग यावा म्हणून कॅडमियम वापरतात. कॅडमियम हा धातू आहे, स्टॉकहोम यादीतलं रसायन नव्हे, पण तोही नष्ट होत नाही आणि मूत्रपिंडात साठत जातो.

हे कारखाने कित्येक वर्षं सुरू होते. सरकारी खात्याला शहराच्या हवेत कॅडमियम हिशोबापेक्षा जास्त आहे हे जाणवत होतं, पण ते येतं कुठून हे कळत नव्हतं. शेवाळाने जागा दाखवली. मग २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये खात्याने त्यातल्या एका कारखान्याजवळ हवा मोजायचं यंत्र लावलं. राज्याने सुरक्षित मानलेल्या पातळीच्या ४९ पट कॅडमियम आणि १५९ पट आर्सेनिक सापडलं. जवळच पाळणाघर होतं, शाळा होती. लोकांना हे २०१६ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांतून कळलं. लहान मुलांचे आईबाप एकत्र आले, सभा भरल्या, प्रश्न विचारले गेले. कारखान्यांना कॅडमियम आणि आर्सेनिकचा वापर थांबवावा लागला, रंगीत काचेच्या भट्ट्यांसाठी नवे नियम झाले, आणि २०१८ मध्ये उद्योगांच्या विषारी धुराबद्दल राज्याने वेगळा कायदाच केला.

या हकिकतीतली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शेवाळाने कोणावर गुन्हा शाबीत केला नाही. यंत्र कुठे लावायचं एवढंच त्याने सांगितलं. साक्षीदार म्हणून नव्हे, वाटाड्या म्हणून ते कामी आलं. पण वाटाड्याशिवाय यंत्र त्या गल्लीत कधीच पोचलं नसतं.

आपल्याकडची हवा कोण मोजतं

आपल्या देशात २००९ सालच्या मानकांप्रमाणे हवेतल्या बारा गोष्टी मोजायच्या आहेत. त्यात बारीक आणि अतिबारीक धूळ आहे, शिसं, आर्सेनिक, निकेल आहे, आणि पीएएच गटातलं बेंझोपायरीन आहे. डायॉक्सिन नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा सगळा भर धुळीवर राहिला. धूळ मोजणं आवश्यक आहेच, पण धुळीचा आकडा घटला म्हणजे धुळीवर बसलेलं विष घटलं असं होत नाही.

डायॉक्सिनची तरतूद आहे ती धुराड्याच्या तोंडाशी. इस्पितळांचा कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांसाठी २०१६ च्या नियमांत डायॉक्सिनची मर्यादा घालून दिली आहे आणि त्याची तपासणी वर्षातून एकदा करायची आहे. वर्षातून एकदा! त्या दिवशी भट्टी नीट तापवलेली असणार, कचरा निवडून घातलेला असणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. उरलेल्या ३६४ दिवसांचा हिशोब भट्टीभोवती राहणाऱ्यांच्या छातीत.

आणि धुराडं नसलेल्या आगींचं काय? कचराडेपोला लागणारी आग, तांबं काढण्यासाठी भंगारवाले जाळतात त्या पीव्हीसीच्या वायरी, रस्त्याकडेला पेटवलेलं प्लॅस्टिक, यातून डायॉक्सिन तयार होतं. मुंबईचा देवनार कचराडेपो १९२७ पासूनचा आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती, शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. धूर दिसला तेवढे दिवस बातम्या आल्या. धुरातून मातीवर, पानांवर, शेळ्यांच्या चाऱ्यावर काय बसलं, याची चर्चा झाली नाही.

चेन्नईच्या पेरुंगुडी कचराडेपोबाबत मात्र एक अभ्यास झालेला आहे. जपानच्या शास्त्रज्ञांनी भारत, कंबोडिया, व्हिएतनाम आणि फिलिपाइन्स या देशांतल्या कचराडेपोंजवळच्या मातांचं दूध तपासलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेरुंगुडीजवळच्या बायकांच्या दुधात डायॉक्सिनचं प्रमाण जास्त आढळलं, आणि त्याचा एक संभाव्य मार्ग म्हणून डेपोवर चरणाऱ्या गाईंच्या दुधाकडे बोट दाखवलं गेलं. अभ्यास मोलाचा आहे, शंकाच नाही. पण क्रम पाहा. डेपो पेटला, धूर पसरला, गाय चरली, बाईने दूध प्यायलं, वर्षं गेली, बाई बाळंत झाली, आणि मग आपल्याला कळलं. पहिल्याच पायरीवर, डेपोच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या झाडाला कोणी विचारलं असतं तर?

केरळच्या कासरगोडमध्येही असंच झालं. काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारलं गेलं. गावातल्या बायकांना मधमाश्या मेलेल्या दिसत होत्या, अधू मुलं जन्माला येत होती. शेतीखात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ मध्ये न्यायालयात धाव घेऊन फवारणीला मनाई मिळवली. पण ‘पुरावा काय’ हा प्रश्न संपेना. शेवटी २००१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स ॲन्ड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने पाणी आणि मातीबरोबर माणसांचं रक्त आणि आईचं दूधही तपासलं, तेव्हा देशाने कान दिला. बाईचं म्हणणं पुरावा ठरत नाही, तिचं दूध ठरतं.

अमेरिकेत १९७८ मध्ये लव्ह कॅनॉल इथे, पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या वस्तीत लोईस गिब्ज आणि इतर बायकांनी घरोघर जाऊन आजारांची नोंद केली होती. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनीही ती घरबसल्या बायकांची निरुपयोगी माहिती म्हणून उडवून लावली होती. देश बदलला तरी उत्तर तेच.

वस्तीतल्या दोन प्रश्नांची गोष्ट

मी ज्या वस्तीत काम करते, तिथून कचरा जाळणारी एक भट्टी फार लांब नाही. काही वर्षांपूर्वी एका संशोधन पथकाला मातांच्या दुधाचे नमुने हवे होते. बायकांशी बोलणी करून द्यावी म्हणून आमच्या गटाला विचारणा झाली. बैठकीत बायकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘माझ्या दुधात काय निघालं ते मला सांगणार का?’ उत्तर मिळालं, व्यक्तिगत निष्कर्ष दिले जात नाहीत, सरासरी काढली जाते. दुसरा प्रश्न एका ओल्या बाळंतिणीने विचारला, ‘ताई, वाईट निघालं तर मी लेकराला काय पाजू?’ यावर कोणी बोललं नाही. त्या बैठकीनंतर बायकांनी नमुने द्यायला नकार दिला.

पथकातली माणसं वाईट नव्हती. पण ज्या तपासणीतून बाईच्या हाती काहीच येत नाही, उलट बाळाला छातीशी घेताना कायमची धास्ती मागे राहते, ती तपासणी कोणासाठी आहे, हा प्रश्न उरतोच. पानाच्या बाबतीत असा प्रश्न येत नाही. पानात वाईट निघालं तर पुढे काय करायचं, हे उघड आहे. धूर कुठून येतो ते शोधायचं आणि तो थांबवायचा.

माणसांच्या तपासण्या बंदच कराव्यात, असं मी म्हणत नाही. शरीरात किती पोचलं हे पान सांगू शकत नाही, ते शेवटी शरीरातच कळतं. आपली मागणी क्रमाची आहे. आधी हवा, पान, माती. त्यावर कारवाई. माणसाचं शरीर अगदी शेवटी, आणि तेही बाईला तिचा निष्कर्ष समजावून देण्याच्या अटीवर.

तीन आक्षेप

या विचाराला मी तीन आक्षेप ऐकले आहेत. तिन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप शास्त्रीय. पानातला आकडा हा पानाच्या वजनामागे असतो, कायद्यातली मर्यादा हवेच्या घनमीटरमागे. एकाचं रूपांतर दुसऱ्यात सरळ होत नाही. जात बदलली, पानाचं वय बदललं, मध्ये मोठा पाऊस झाला, तरी आकडा बदलतो. हे खरं आहे. म्हणून पानांचा उपयोग तुलनेसाठीच करायचा. भट्टीजवळचं पान आणि पाच किलोमीटरवरचं पान, आगीआधीचं आणि आगीनंतरचं. धोका किती हे पान सांगत नाही. कुठे जास्त आणि कुठे कमी, हे मात्र सांगतं.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली, प्रदूषण मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुनाच पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. आपण तोडलेलं पान त्या अर्थाने पुरावा नाही. पण पोर्टलंडमध्ये तरी कुठे होतं? पानाच्या आधारे आपण मंडळाकडे जाऊन ‘यंत्र इथे लावा’ ही मागणी करू शकतो. दाद लागली नाही तर हरित न्यायाधिकरण आहे, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरकाम, मजुरी, पाणी भरणं, मुलांचं पाहणं, आणि आता वर सरकारचं काम म्हणून पानं गोळा करायची? स्वयंसेवेच्या नावाखाली बाईचे फुकट श्रम किती ठिकाणी ओढले गेले, हे आशा आणि अंगणवाडीच्या बहिणींना विचारा. शिवाय निष्कर्ष आले की बोट कोणाकडे जाईल? २०१६ च्या डिसेंबरमध्ये हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,०००. हा निर्णय आवश्यक होता. पण आपला अनुभव काय सांगतो? दंडाची पावती फाडली जाते ती शेकोटी पेटवणाऱ्या वॉचमनची, झाडूवालीची, कचरावेचक बाईची. उद्या वस्तीतल्या पानांत विष सापडलं, तर ‘इथली हवा वाईट आहे, वस्तीच हलवा’ असं म्हणायलाही लोक कमी करणार नाहीत. जमिनीचे भाव वाढलेल्या शहरात हे सबब म्हणून फार सोयीचं आहे.

या आक्षेपाला माझं उत्तर असं. पानं गोळा करण्याचं काम वर्षातून दोन-तीन दिवसांचं आहे, आणि त्या दिवसांची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात धरलीच पाहिजे. प्रयोगशाळेला पैसे देता येतात, तर बाईला का नाही? कुठली झाडं निवडायची हे वस्तीने ठरवायचं. निष्कर्ष आधी वस्तीच्या बैठकीत वाचले जातील, मग बाहेर जातील. आणि नकाशात फक्त वस्तीतलीच झाडं नकोत. भट्टीच्या दारातली, कारखान्याच्या कुंपणाची, साहेबांच्या कॉलनीतली झाडंही हवीत. गरिबांचीच तपासणी झाली की गरीबच आरोपी होतात.

करायचं कसं

ज्या गटांना हे करून पाहावंसं वाटेल, त्यांच्यासाठी काही गोष्टी नोंदवते.

कोकणात, घाटात, पावसाळ्यात शेवाळ भरपूर मिळतं. मराठवाड्यात, विदर्भात वर्षभर मिळणार नाही. तिथे स्वच्छ ठिकाणचं शेवाळ नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून काही आठवडे टांगून ठेवता येतं. ही पद्धत १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी इथे वापरली गेली आणि अजून चालू आहे. किंवा बारमाही हिरवी, चिवट पानांची झाडं निवडावीत. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत धातूंसाठी कण्हेर वापरली गेली आहे, आणि आपल्याकडे तर ती रस्त्याच्या दुभाजकांवरही असते. भोपळ्याच्या वेलाच्या वाटेला जाऊ नये. हे कूळ डायॉक्सिन मुळांवाटे मातीतूनही ओढतं, हे १९९० च्या दशकातच दिसून आलं आहे. त्यामुळे हवेचा हिशोब चुकतो.

सगळीकडे एकाच जातीचं झाड, एकाच उंचीवरची, साधारण एकाच वयाची पानं घ्यावीत. औषध फवारलेलं झाड नको. भट्टीपासून जवळ, मध्यम, लांब अशा ओळीत ठिकाणं असावीत आणि एक ठिकाण धुरापासून अगदी दूरचं हवं. सेंद्रिय रसायनं तपासायची असतील तर पानं ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावीत, धातूंसाठी कागदी पाकिटं चालतात. तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, आदल्या आठवड्यातला पाऊस लिहून ठेवावा आणि पाचजणींच्या सह्या घ्याव्यात. पंचनामा कसा करतात हे आपल्याला शिकवायला नको.

खर्चाचा विचार आधी करावा. डायॉक्सिनची तपासणी फार महाग आहे आणि ती करणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्या आहेत. जड धातूंची तपासणी त्या मानाने स्वस्त आहे आणि पुष्कळ विद्यापीठांत होऊ शकते. सुरुवात धातूंपासून करावी. जिथे धातूंचा डाग गडद निघेल, तिथल्या मोजक्या पानांची डायॉक्सिनसाठी तपासणी प्रदूषण मंडळाने स्वतःच्या खर्चाने करावी अशी मागणी करावी. जोडीला माहितीच्या अधिकाराखाली आपल्या भागातल्या भट्टीचा डायॉक्सिनचा वार्षिक अहवाल मागवावा. तपासणी कोणत्या तारखेला झाली, त्या दिवशी किती कचरा जाळला, हे विचारावं. कित्येकदा पानाच्या आधी कागदच बोलतो.

आणि महिला, शेती, आरोग्य, कचरावेचक अशा वेगवेगळ्या संघटनांनी मिळून स्टॉकहोम कराराच्या पाहणीत पान आणि शेवाळ यांना आपल्या राज्याच्या पातळीवर जागा द्या, अशी मागणी लावून धरावी. करारात दूध आहे म्हणून दूधच तपासत राहायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आपल्या शरीरावर आपला हक्क, ही घोषणा आपण गर्भपाताच्या, कुटुंबनियोजनाच्या, इंजेक्शनवाल्या गर्भनिरोधकांच्या चाचण्यांच्या संदर्भात दिली. ती हवेच्या बाबतीतही लागू आहे. विष हवेत असताना ते मोजायचं सोडून बाईच्या शरीरात उतरल्यावर मोजणं, हा त्या हक्काचाच प्रश्न आहे. या लेखाशी सहमत नसलेल्या मैत्रिणींनीही लिहावं, विशेषतः ज्यांच्या गटांनी हवा, पाणी किंवा माती तपासून पाहिली आहे त्यांनी. काय साधलं, कुठे अडलं, पैसे कोणी दिले, आणि निष्कर्ष शेवटी कोणाच्या हाती राहिले, हे एकमेकींना कळणं फार गरजेचं आहे.